व्यापार वाटाघाटींमधली तडजोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यापार करारांबद्दल वाचकांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पेचाचे पुढे येतात. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात आली असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तडजोड म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं आणि मधला आकडा धरायचा, एवढंच ना?

हा समज सर्वांत जास्त आढळतो आणि त्याच्यामुळेच बातम्या चुकीच्या वाचल्या जातात. मधला आकडा काढायला वर्षं लागत नाहीत. वर्षं लागतात ती दोन्ही शिष्टमंडळांना आपापल्या देशात परत जाऊन ताठ मानेने समजावून सांगता येईल, अशी मांडणी शोधायला. त्यात आकडा हा एकच भाग. मुदत किती, मोजणी कुठल्या वर्षापासून, काय कराराबाहेर ठेवायचं, कुठला शब्द वापरायचा, या सगळ्यांत तडजोड लपलेली असते.

उरुग्वे फेरीतलं, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला जन्म देणाऱ्या १९८६-९४च्या वाटाघाटींतलं, उदाहरण घ्या. शेतमालाच्या निर्यातीवर जे अनुदान दिलं जातं, त्या अनुदानित मालाचं प्रमाण सहा वर्षांत २४ टक्क्यांनी कमी करावं, असं डिसेंबर १९९१च्या डंकेल मसुद्यात (हे नाव कुठून आलं ते प्रश्न ३मध्ये) होतं. नोव्हेंबर १९९२मध्ये अमेरिका आणि युरोपीय समुदाय (आजचा युरोपीय संघ) यांच्यात वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये समझोता झाला आणि आकडा २१ टक्के झाला. बातम्यांत हे तीन टक्के गाजले. पण युरोपला खरा दिलासा मिळाला तो दुसरीकडे: उत्पादनावर मर्यादा घालणाऱ्या योजनांतून शेतकऱ्यांना थेट दिले जाणारे पैसे कपातीतून वगळले गेले. यालाच पुढे 'ब्लू बॉक्स' नाव पडलं. तरीही फ्रान्स मानेना. मग १९९३च्या अखेरीला २१चा आकडा तसाच ठेवून सुरुवातीची पायरी बदलली. कपात १९८६-९०च्या पातळीपासून मोजायची होती; त्यानंतर ज्यांची अनुदानित निर्यात वाढली होती, त्यांना १९९१-९२च्या चढ्या पातळीपासून उतरायला सुरुवात करता येईल, शेवटचा मुक्काम मात्र तोच राहील, असं ठरलं. अमेरिकेला सांगता आलं की २१ टक्के कायम आहेत. फ्रान्सला सांगता आलं की पहिली काही वर्षं जास्त माल पाठवता येईल. दोघंही खरंच बोलत होते.

२. आयात शुल्क कमी केलं तर आपल्याच ग्राहकाला माल स्वस्त मिळतो. मग त्याला 'सवलत दिली' का म्हणतात?

अर्थशास्त्राच्या हिशोबाने तुमचं बरोबर आहे. पण स्वस्ताईचा फायदा कोट्यवधी ग्राहकांत थोडा थोडा वाटला जातो, आणि तोटा होतो तो मोजक्या उत्पादकांना, एकगठ्ठा. ते उत्पादक संघटित असतात. त्यांचा विरोध झेलायचा तर सरकारला निर्यातदारांचा पाठिंबा लागतो. म्हणून 'आम्ही हे दिलं, त्या बदल्यात ते मिळवलं' ही भाषा. १९४७मध्ये २३ देशांनी गॅट (शुल्क आणि व्यापारावरचा सर्वसाधारण करार) केला, तेव्हापासून वाटाघाटी याच देवाणघेवाणीवर चालल्या आहेत.

३. जागतिक व्यापार संघटनेचे १६६ सदस्य. एवढे देश मिळून एक वाक्य तरी कसं ठरवतात?

सगळे मिळून ठरवत नाहीत. आतून बाहेर जाणारी वर्तुळं असतात. आधी दोन-चार मोठे देश आपसात बोलतात, मग वीस-तीस शिष्टमंडळांची बंद दाराआडची बैठक होते आणि शेवटी सर्व सदस्यांची. मधल्या बैठकीला 'ग्रीन रूम' म्हणतात. जिनिव्हातल्या महासंचालकांच्या बैठकीच्या खोलीवरून हे नाव पडलं आणि आता बैठक कुठेही झाली तरी तेच वापरतात.

याशिवाय वाटाघाटींचे अध्यक्ष एकेका शिष्टमंडळाला एकटं बोलावून विचारतात, 'तुमची खरी लक्ष्मणरेषा कुठे आहे?' चारचौघांत कुणी ती सांगत नाही, कारण सांगितली की समोरचा तिथूनच घासाघीस सुरू करतो. अध्यक्षांना सगळ्यांच्या मर्यादा ठाऊक झाल्या, की ते स्वतःच्या नावाने मसुदा पुढे ठेवतात. यात मोठी सोय आहे. कुठल्याच देशाला 'आम्ही मागे हटलो' असं म्हणावं लागत नाही. 'अध्यक्षांचा मसुदा आम्ही स्वीकारला' एवढंच म्हणावं लागतं. डंकेल मसुदा असाच गॅटचे तेव्हाचे महासंचालक आर्थर डंकेल यांच्या नावाने आला होता.

ग्रीन रूमच्या बाहेर राहिलेल्या देशांची तक्रार मात्र खरी आहे. छोट्या देशांच्या हातात काय उरतं, ते प्रश्न १२मध्ये पाहा.

४. 'सहमती' म्हणजे सगळ्यांनी हो म्हणायलाच हवं का?

नाही. जागतिक व्यापार संघटना स्थापन करणाऱ्या माराकेश कराराच्या नवव्या कलमानुसार, निर्णयाच्या वेळी हजर असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर सहमती झाली असं धरतात. म्हणजे गप्प बसणं हा होकार. मनातून नाराज असलेला देश मान खाली घालून बसू शकतो, आणि पुष्कळ तडजोडी अशा शांततेतच पार पडतात. पण खोलीत नसलेल्या देशाचं मौनही होकारातच जमा होतं, आणि काही छोट्या सदस्यांचं तर जिनिव्हात कायमचं कार्यालयही नाही.

हा नियम उलटवण्याचा प्रयत्न एकदा झाला. २००१मध्ये दोहा इथे गुंतवणूक, स्पर्धा धोरण, सरकारी खरेदी आणि व्यापार सुलभीकरण (सीमेवरून माल नेण्याची प्रक्रिया सोपी करणं) या चार 'सिंगापूर मुद्द्यां'वर वाटाघाटी सुरू करायला भारताचा विरोध होता. तेव्हाचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन अडून बसले. अखेर जाहीरनाम्यात 'स्पष्ट सहमतीने' हे शब्द आले, आणि परिषदेच्या अध्यक्षांनी खुलासा केला की कुठल्याही सदस्याला या वाटाघाटी रोखणारी भूमिका घेण्याचा हक्क आहे. युरोपला मुद्दे कागदावर हवे होते, ते आले. भारताला कुलूप हवं होतं, ते मिळालं. पुढे काय झालं ते प्रश्न १३मध्ये.

५. मसुद्यांत चौकटी कंसांची एवढी गर्दी का असते?

चौकटी कंस म्हणजे 'इथे अजून जमलेलं नाही'. नमुन्यादाखल मीच रचलेलं एक वाक्य पाहा:

'[विकसित] सदस्य [३] [५] वर्षांच्या आत हे अनुदान [कमी करतील] [बंद करतील] [शक्य तितकं कमी करण्याचा प्रयत्न करतील].'

एका ओळीत तीन भांडणं आहेत: कोण, केव्हा आणि किती. आता जाणकार वाटाघाटी करणारा काय करतो? तो एकेका कंसावर वेगळं भांडत नाही, कंसांची अदलाबदल करतो. 'तुम्ही "बंद करतील" माना, आम्ही ३ ऐवजी ५ वर्षं मान्य करतो.' क्रियापद एकाचं, मुदत दुसऱ्याची. म्हणूनच काही देश आपल्याला फारसं महत्त्वाचं नसलेल्या ठिकाणीही आधीच कंस टाकून ठेवतात, पुढे सोडायला काहीतरी हाताशी असावं म्हणून. जुनी चाल आहे आणि सगळे ओळखतात, तरी अजून चालते.

६. करारातली भाषा मुद्दाम मोघम ठेवतात का? ही फसवणूक नाही का?

मुद्दाम ठेवतात. फसवणूक म्हणायची की नाही, हे त्या मोघमपणाचं पुढे काय होतं त्यावर ठरतं.

एक प्रकार निरुपद्रवी, पण पोकळ. विकसनशील देशांसाठी १९६५मध्ये गॅटला चौथा भाग जोडला गेला. त्यात विकसित देशांनी काही गोष्टी 'शक्य तितक्या पूर्णपणे' कराव्यात असं लिहिलं, आणि लगेच पुढे जोडलं की सबळ कारणांमुळे, ज्यांत कायदेशीर कारणंही आली, अशक्य झालं तर गोष्ट वेगळी. दार उघडलं आणि चौकटीतच भिंत बांधली.

दुसरा प्रकार प्रामाणिक आहे आणि मला तो मनापासून आवडतो. २०१५च्या नैरोबी परिषदेत दोहा फेरी, म्हणजे २००१मध्ये दोहात सुरू झालेल्या वाटाघाटी, जिवंत आहे की संपली यावर एकमत होईना. तेव्हा जाहीरनाम्यात सरळ लिहिलं गेलं की अनेक सदस्य दोहा कार्यक्रमाला पुन्हा दुजोरा देतात, इतर सदस्य देत नाहीत. मतभेद झाकला नाही, त्याचीच नोंद केली.

तिसरा प्रकार धोक्याचा. वाजवीपेक्षा कमी किमतीत माल परदेशात विकणं म्हणजे डम्पिंग. ते रोखणाऱ्या उरुग्वे फेरीतल्या अँटी-डम्पिंग कराराने 'झिरोइंग' या पद्धतीबद्दल थेट काहीच म्हटलं नाही. समजा, निर्यातदाराची एक विक्री वाजवी किमतीपेक्षा १० रुपयांनी स्वस्त आहे आणि दुसरी १० रुपयांनी महाग. सरासरी काढली तर डम्पिंग शून्य. पण महाग विक्रीतला फरक शून्य धरला तर डम्पिंग दिसायला लागतं, आणि जादा शुल्क लावता येतं. अमेरिका ही पद्धत वापरत होती. करार गप्प, म्हणून प्रश्न जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा निवारणाकडे गेला, आणि अपील मंडळाने पुन्हा पुन्हा अमेरिकेच्या विरोधात निकाल दिला. 'जे आम्ही कधी कबूल केलं नव्हतं ते आमच्यावर लादलं जातंय', ही अमेरिकेची तक्रार वाढत गेली. तिने अपील मंडळावरच्या नेमणुका रोखल्या, त्यामागच्या अनेक तक्रारींपैकी ही एक ठळक होती. डिसेंबर २०१९पासून त्या मंडळाकडे सुनावणीपुरतेही सदस्य उरले नाहीत. १९९४मध्ये वाक्य टाळलं म्हणून करार झाला. त्याची किंमत पंचवीस वर्षांनी चुकवावी लागली.

७. शुल्क कुणी किती कमी करायचं याचं काही सूत्र असतं का?

असतं, आणि तडजोड त्या सूत्राच्या आकड्यात बसवलेली असते. टोकियो फेरीपासून (१९७३-७९) वापरात असलेलं 'स्विस सूत्र' पाहा. एक गुणांक ठरवायचा. जुना दर आणि गुणांक यांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागायचं, तो नवा दर. गुणांक २५ धरला तर १०० टक्क्यांचा दर २० होतो, २५चा १२.५ होतो आणि ५चा साधारण ४.२. म्हणजे ज्याचे दर चढे त्याला मोठी कात्री, आणि नवा दर कधीच गुणांकाच्या वर जात नाही. दोहा फेरीत औद्योगिक मालासाठी विकसित देशांना ८ आणि विकसनशील देशांना पर्यायानुसार २० ते २५ असे गुणांक मसुद्यात आले होते.

इथे एक बारकावा सतत निसटतो. कपात होते ती बांधील दरात, म्हणजे ज्याच्या वर जाणार नाही असं वचन दिलंय त्या कमाल दरात. प्रत्यक्ष वसूल होणारा दर त्याहून बराच कमी असू शकतो. बांधील ४० असताना वसुली १०ने होत असेल, तर गुणांक २५ लावून बांधील दर सुमारे १५.४वर आला तरी सीमेवर एक पैशाचाही फरक पडत नाही. मग मिळालं काय? वचन. उद्या सरकार बदललं तरी १५.४च्या वर जाता येणार नाही, ही निर्यातदाराला मिळालेली शाश्वती. देणाऱ्याला ती फुकट वाटते, पण अडचणीच्या दिवसांत शुल्क वाढवायची मोकळीक त्याने गमावलेली असते.

८. सगळे करार शेवटच्या रात्रीच का होतात?

कारण आधी हात मोकळा केला तर समोरचा आणखी मागेल, ही भीती दोन्ही बाजूंना असते. मुदत संपत आली की ती भीती उलटते: आता नाही दिलं तर काहीच मिळणार नाही. उरुग्वे फेरी १५ डिसेंबर १९९३ला आटोपली, कारण अमेरिकी सरकारला काँग्रेसने दिलेल्या विशेष अधिकारांची मुदत त्याच दिवशी होती. जून २०२२मधली जिनिव्हातली परिषद १५ तारखेला संपायची होती, ती १७च्या पहाटेपर्यंत लांबली.

मला ही पद्धत मान्य नाही. मोठं शिष्टमंडळ पाळ्या लावून झोपतं. तीन माणसांचं शिष्टमंडळ दोन रात्री जागून पहाटे चार वाजता समोर आलेला मसुदा वाचतं आणि त्यावर गप्प बसतं. त्या गप्प बसण्याचा अर्थ प्रश्न ४मध्ये आलाच आहे.

९. २००८मध्ये जिनिव्हात सगळं जवळजवळ जमलं होतं म्हणतात. मग मोडलं कशावर?

तेव्हाचे महासंचालक पास्काल लामी यांनीच सांगितलं होतं की यादीतल्या २० विषयांपैकी १८ जवळ आले होते, गाडं अडलं एकोणिसाव्यावर. तो विषय होता विशेष सुरक्षा तरतूद: शेतमालाची आयात अचानक वाढली, तर गरीब शेतकऱ्यांच्या बचावासाठी विकसनशील देशाला तात्पुरतं जादा शुल्क लावता यावं.

तरतूद असावी हे मान्य होतं. वाद होता, जुन्या बांधील दराच्याही वर जायची मुभा कधी मिळावी याचा. लामींच्या प्रस्तावात आयात ४० टक्क्यांनी वाढल्यावर ती मिळत होती. भारत आणि त्याच्यासोबतच्या देशांचं म्हणणं होतं की ४० टक्के वाढ होईपर्यंत शेतकरी उरणारच नाही. अमेरिकेचं म्हणणं होतं की उंबरठा खाली आणला तर नेहमीच्या चढउतारातही शुल्क वाढेल आणि आमच्या निर्यातदारांना आज आहे तेवढीही बाजारपेठ राहणार नाही.

वरवर हा ४० आणि त्याहून लहान आकड्यांचा वाद, मधला आकडा काढून मिटायला हवा होता. मिटला नाही, कारण प्रश्न १मध्ये सांगितलेली अट पुरी होत नव्हती. भारतात निवडणुका जवळ होत्या, अमेरिकेत त्याच नोव्हेंबरला होत्या, आणि दोघांनाही घरी सांगता येईल असा आकडा अस्तित्वातच नव्हता. नऊ दिवसांनी, २९ जुलैला, बैठक फिसकटली.

१०. 'शांतता कलम' तात्पुरतं आहे की कायमचं?

नावाने तात्पुरतं, व्यवहारात कायमचं. अन्नसुरक्षेसाठी सरकार हमीभावाने धान्य खरेदी करून साठवतं, तेव्हा त्यातलं अनुदान १९८६-८८च्या जुन्या संदर्भ किमतींशी तुलना करून मोजतात, आणि बहुतेक विकसनशील देशांना मर्यादा आहे त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्के. इतक्या जुन्या किमती धरल्या तर मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. डिसेंबर २०१३मध्ये बाली इथे ठरलं की कायमचा तोडगा निघेपर्यंत, माहिती वेळेवर दिली जात असेल तर, अशा आधीपासून चालू असलेल्या योजनांविरुद्ध कुणी तंटा नेणार नाही. हेच 'शांतता कलम'.

पण त्याच परिषदेत मंत्र्यांच्या अकराव्या परिषदेपर्यंत कायमचा तोडगा काढायचं उद्दिष्टही होतं. ती तारीख उलटली आणि तोडगा नसला तर? या शंकेवरून भारताने जुलै २०१४मध्ये व्यापार सुलभीकरणाचा करार पुढे जाऊ दिला नाही. २७ नोव्हेंबर २०१४ला सर्वसाधारण परिषदेने खुलासा केला की कायमचा तोडगा मान्य होऊन स्वीकारला जाईपर्यंत संरक्षण चालूच राहील. एका 'पर्यंत'चा अर्थ पक्का करायला चार महिने गेले.

'तात्पुरत्या'ची आणखी दोन रूपं आहेत. इलेक्ट्रॉनिक प्रसारणांवर सीमाशुल्क न लावण्याचं ठरलं १९९८मध्ये. त्यानंतर प्रत्येक वेळी मुदतवाढ घेत ते पुढे रेटलं गेलं. मासेमारी अनुदानांच्या २०२२च्या कराराने उलटा मार्ग धरला: करार लागू झाल्यावर चार वर्षांत उरलेले नियम ठरले नाहीत, तर सर्वसाधारण परिषदेने वेगळं ठरवल्याशिवाय तो आपोआप संपेल. तो १५ सप्टेंबर २०२५ला लागू झाला.

११. ऐनवेळी एखादा देशच बाहेर पडला, किंवा सहीच्या तोंडावर संसद अडली तर?

दोन्ही घडलेलं आहे. जानेवारी २०१७मध्ये अमेरिका ट्रान्स-पॅसिफिक भागीदारी या १२ देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडली. उरलेल्या ११ देशांनी मजकूर फाडला नाही. मुख्यतः अमेरिकेच्या आग्रहाने आलेली २२ कलमं त्यांनी स्थगित ठेवली, त्यांतली निम्मी बौद्धिक संपदेची. वगळली नाहीत, हे लक्षात घ्या. अमेरिका परत आली तर उघडता यावं असं दार ठेवून मार्च २०१८मध्ये सँटियागोला सह्या झाल्या.

संसदेचं उदाहरण कॅनडा आणि युरोपीय संघाच्या कराराचं. ऑक्टोबर २०१६मध्ये बेल्जियममधल्या वालोनिया प्रांताने सहीला नकार दिला, आणि एका प्रांतामुळे सगळा युरोपीय संघ थांबला. करारातला एकही शब्द न बदलता तोडगा निघाला. सोबत अर्थ स्पष्ट करणारा एक संयुक्त दस्तऐवज जोडला गेला, आणि गुंतवणूक न्यायालयाची तरतूद युरोपीय कायद्यात बसते का हे युरोपीय न्यायालयाला विचारायचं ठरलं. ३० ऑक्टोबरला सही झाली. न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये तरतूद वैध ठरवली. वालोनियाला हट्टी म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला वाटतं, शंका न्यायालयापुढे नेणं हा प्रांताचा हक्कच होता.

१२. छोट्या देशांच्या हातात खरोखर काही असतं का? खटला जिंकूनही त्यांना तडजोडच करावी लागते ना?

एकट्याच्या हातात फार थोडं. अँटिग्वा आणि बार्बुडाने ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात अमेरिकेवर मात केली, तरी २००७मध्ये वर्षाला २.१ कोटी डॉलरपर्यंतच्याच प्रत्युत्तराची परवानगी मिळाली. मागितलेली रक्कम होती ३४४ कोटींची. आणि एवढ्याशा बेटाने प्रत्युत्तर म्हणून शुल्क वाढवलं, तर त्याचेच ग्राहक होरपळतात.

गटाने उभं राहिलं की चित्र बदलतं. लॅटिन अमेरिकी केळी उत्पादक देशांनी युरोपविरुद्ध एकामागून एक खटले जिंकले, तरी युरोप पद्धत बदलेना, कारण त्याला आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या आपल्या जुन्या वसाहतींना सवलत द्यायची होती. डिसेंबर २००९मध्ये शेवटी समझोता झाला. टनामागे १७६ युरोचं शुल्क टप्प्याटप्प्याने ११४वर आणायचं, बदल्यात लॅटिन अमेरिकेने खटले मिटवायचे आणि दोहा फेरीत केळ्यांसाठी आणखी मागायचं नाही. सवलतीची धार कमी झालेल्या देशांना युरोपने वेगळं साहाय्य दिलं. खटल्यांनी दबाव आणला, पण तिसऱ्या पक्षाची भरपाई निकालपत्रात बसली नसती.

१३. बैठकीतून उठून जाणं कधी योग्य ठरतं?

कागदावरचं वाक्य पुढची वीस वर्षं बांधून ठेवणार असेल आणि त्या बदल्यात दिलेलं आश्वासन 'प्रयत्न करू' एवढंच असेल, तेव्हा. सप्टेंबर २००३मध्ये कॅनकून परिषद सिंगापूर मुद्द्यांवर मोडली (प्रश्न ४). त्या आठवड्यात सगळीकडे अपयशाचे मथळे होते. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये जिनिव्हात चारपैकी तीन मुद्दे दोहा कार्यक्रमातून बाहेर काढले गेले आणि एकटं व्यापार सुलभीकरण उरलं.

त्याचाच करार बालीत झाला आणि २२ फेब्रुवारी २०१७पासून तो लागू आहे. त्यात विकसनशील देशांनी आपापल्या जबाबदाऱ्या स्वतःच तीन गटांत वाटायच्या असतात: लगेच करू, ठरावीक काळाने करू, आणि काळासोबत मदतही मिळाली तरच करू. तिसऱ्या गटातल्या कलमांच्या तारखा मदत देणाऱ्यांशी बोलून ठरतात. कॅनकूनमधून उठून गेलेल्या देशांनी त्याच विषयावर अकरा वर्षांच्या आत सहमती दिली.